चार झगे आणि नऊ किलो

...आणि वर तो डॉक्टर मला म्हणतो काय, "आजी, वजनकाटा कुणाचा नातेवाईक नसतो, तो खरं तेच सांगतो!" अहो, मग मी काय त्याच्याकडे सोयरीक घेऊन गेले होते? मी एवढंच म्हटलं की मी त्याच्यावर चढणार नाही. बावन्न वर्षं लोकांची अंगं मापतेय मी, माणूस दारातून आत येऊन छत्री टेकवेपर्यंत मला त्याची छाती, कंबर, कुठला खांदा उतरता आहे, सगळं कळलेलं असतं, आणि माझ्याच अंगाची बातमी मी त्या लोखंडी पाटाकडून घेऊ? नाही चढले! आठ महिने नाही चढले! आज मात्र... आज चढायचंय. म्हणून तर बसलेय तुमच्यात. तुमचा कितवा नंबर? तेविसावा? माझा सतरावा. म्हणजे माझं ऐकून घेतल्याशिवाय तुमची सुटका नाही. जरा सरकता का, हा पाय मला सरळ ठेवावा लागतो, वाकवला की दोन दिवस रुसून बसतो.

आणि ही माझ्या शेजारी गणवेशात डोळे मिटून बसलीय ना, ती माझी सून. बस चालवते. झोपलेली नाहीये हां ती, सोंग आहे सगळं. ऐकतेय. ऐकू दे! तिच्यावरच तर माझा राग आहे. सांगते, सगळं सांगते, पण पहिल्यापासून सांगते, मधूनच सांगितलं तर तुम्ही तिची बाजू घ्याल.

तुम्हाला सांगते, माझ्या अंगात चार भाडेकरू राहतात. साखर, रक्तदाब, थायरॉईड आणि सांधेसूज. सगळे जुने, सगळे हट्टी, एकालाही घराबाहेर काढता येत नाही आणि एकाचं दुसऱ्याशी पटत नाही. सांधे सुजले की एक पांढरी गोळी घ्यायची. ती घेतली की सांधे गप्प बसतात, पण भूक अशी लागते की समोरची भिंत खावीशी वाटते. खाल्लं की साखर चढते, साखर चढली की दुसरी गोळी, तिने वजन वाढतं, वजन वाढलं की गुडघा ओरडतो, गुडघा ओरडला की चालणं बंद, चालणं बंद झालं की आणखी वजन, की पुन्हा सूज, की पुन्हा ती पांढरी गोळी! अहो, लहान मुलं गोल गोल फिरून पडतात ना, तशी मी खुर्चीत बसल्या बसल्या गरगरत होते.

मग इथे आले, ह्या हाडांच्या डॉक्टरकडे. हुशार आहे, नाही असं नाही, पण पहिल्या दिवशी पूर्ण वेळ माझ्या गुडघ्याशीच बोलला. माझ्याकडे मान वर करून बघेल तर शपथ! गुडघ्याला म्हणाला, "बदलावा लागेल." गुडघ्यालाच म्हणाला, "पण ह्या वजनावर नाही. नऊ किलो उतरवा, मग बघू." नऊ किलो! मी घरी येऊन विचार केला, नऊ किलो म्हणजे नक्की किती? तर माझ्या शिलाई मशीनचं नुसतं वरचं डोकं बारा किलोचं. म्हणजे पाऊण मशीन अंगावरून उतरवून ठेवायचं! तरी बरं, त्याने स्पष्ट सांगितलं, गोड बोलून झुलवत नाही ठेवलं. उपकार आहेत त्याचे, दुसरं काय!

आता तुम्ही म्हणाल, म्हातारे, एकाहत्तर वय झालं, कशाला हवाय नवा गुडघा? का नको? माझी शिवणाची खोली वरच्या मजल्यावर आहे. चौदा पायऱ्या. आणि माझं मशीन पायाचं. मुलगा म्हणतो, सोफ्यावर आडवा पडून म्हणतो हां, "आई, मशीन खाली आणू, मोटर लावू." मोटर! मोटर पळते, तिला कापड कळत नाही. कापड पायाला कळतं. आणि खाली आणून ठेवणार कुठे, त्याच्या सोफ्यावर? वर त्या खोलीत एक निळा कोट टांगलाय, हेडमास्तरांचा. उजवी बाही लावून झाली, डावी कापून ठेवली, आणि त्याच दिवशी माझा गुडघा गेला. आठ महिने तो कोट एका हाताने लटकतोय. मास्तरांना म्हटलं, दुसऱ्या शिंप्याकडे द्या. तर म्हणाले, "नको आजी, मी थांबतो." थांबतो! अख्खी थंडी गेली त्या माणसाची स्वेटरवर. तुम्हाला सांगते, गुडघा दुखला तर मी सोसते, पण तो कोट डोळ्यांसमोर आला ना, की इथे, छातीत काहीतरी टोचतं. अर्धवट काम टाकून मरणारी बाई नव्हे मी.

कारण हे काम मला कुणी शिकवलेलं नाही. उसवून शिकले मी! एकोणीस वर्षांची होते, सासरे तापाने आठ दिवस अंथरुणावर, आणि त्यांचा एकुलता एक कोट खुंटीवर. मला बघायचं होतं कोट आतून असतो कसा. घेतली कात्री आणि उसवला! सगळा! बावीस तुकडे जमिनीवर मांडले, आणि मग लक्षात आलं की ताप उतरला की ह्यांना कामावर जायचंय. आठ दिवसांत परत जोडला. जोडला, पण डावी बाही उलटी लागली, मागची बाजू पुढे. कोटाच्या बाहीला कोपरात बाक असतो, तो झाला पलीकडे. सासरे सात वर्षं तो कोट घालून फिरले! रस्त्यात कुणी दिसलं आणि हात हलवायला गेले की डावा हात असा मागे जायचा, जसं काही मागच्या माणसाला सांगतायत, थांब रे. मला वाटलं, त्यांना कळलंच नाही. एक शब्द नाही काढला कधी. आणि शेवटच्या आजारात, मी उशाशी बसलेली, मला जवळ बोलावलं, म्हणाले, "सूनबाई, सगळं चांगलं केलंस. बाही तेवढी बघ हं." उपकार आहेत त्यांचे, दुसरं काय! त्या दिवशी ते ओरडले असते, तर मी पुन्हा सुईला हात लावला नसता.

काय सांगत होते? हां, नऊ किलो.

तर इथल्या आहारवाल्या पोरीकडे पाठवलं. केवढीशी ती, आणि मला कागद देते, "आजी, एवढंच सूप, एवढीच भाजी, पावाचा एकच तुकडा, आणि प्रत्येक घास पंचवीस वेळा चावायचा." पंचवीस वेळा! अठरापर्यंत मोजलं की मला आठवायचं नाही तोंडात काय आहे. काकडी खाऊन खाऊन मला स्वप्नात स्वतःची साल निघताना दिसायची! पण ती पोरगी दर गुरुवारी स्वतःहून फोन करायची. "आजी, काय खाल्लं? खरं सांगा." आणि आमची शेजारीण, तिला मी काडी म्हणते, कारण ती काडीच आहे, ती यायची आणि दारात उभी राहून म्हणायची, "मी तर बाई सगळं खाते, लोणी खाते, मला काही लागतच नाही अंगाला!" असं म्हणणाऱ्या माणसाला कायद्याने शिक्षा का नाही, हे मला समजत नाही. पण तीच काडी रोज संध्याकाळी माझा हात धरून व्हरांड्यात फेऱ्या घालायची. पाच, मग आठ, मग वीस. मी शिव्या द्यायची, ती फेऱ्या मोजायची. आता काय म्हणणार? उपकारच!

पण तिसऱ्या महिन्यात सगळं विसकटलं. सांधे पुन्हा सुजले, पांढरी गोळी दुप्पट झाली, आणि मी सकाळी झगा अंगात घातला तर तो काखेत आवळायला लागला. घट्ट! काकडी खाऊन घट्ट! शिंपिणीला हे कुणी सांगावं लागत नाही हो, कापड सांगतं. चारही झगे घालून बघितले, चारही घट्ट. तीन महिने भुकेली राहिले ते ह्यासाठी? मी तो आहाराचा कागद फाडला, तुकडे केले आणि मोठ्याने म्हटलं, "बास झालं. नको गुडघा, नको काही. वर तर जायचंच आहे, जाईन जिना न चढता."

घरात मुलगा होता, तो म्हणाला, "आई, असं नको ना बोलू," आणि रडायला लागला. सोफ्यावरच. ही मात्र दारात उभी होती, कामावरून आलेली, हातात बसच्या किल्ल्या. नुसती माझ्या काखेकडे बघत होती. मला एवढा राग आला! म्हटलं, बघ, बघ सासू कशी फुगलीय.

आणि तुम्हाला सांगते, पुढच्याच आठवड्यात... झगा सैल!

मी दोनदा चाचपला. खरंच सैल. जास्त नाही, दोन सूत, म्हणजे पाव इंच, पण माझ्या अंगाला दोन सूत म्हणजे दोन मैल! पुढच्या आठवड्यात आणखी सैल. मग काय विचारता! मीच तो कागद जुळवून जुळवून चिकटवला. काडीला म्हटलं, चल, आज तीस फेऱ्या! आहारवाल्या पोरीला म्हटलं, पाव बंद कर! ती म्हणायची, "आजी, वजन किती झालं?" मी म्हणायची, "वजन तुझं तू कर, माझं कापड मला सांगतं." दारावर भाजीवाली आली तरी तिला काखेतला झोळ दाखवायची मी! सगळ्या गल्लीला भाषण, "काटा काय करायचाय? बावन्न वर्षांचा हात आहे हा!" असे पाच महिने. बघा जरा, हा झगा बघा. हाताची मूठ जाते आत.

आणि काल काय झालं, ते ऐका. गुडघा गेल्यापासून माझे कपडे धुणं, वाळत घालणं, घडी करणं सगळं हिच्याकडे. काल मी म्हटलं, आता चालता येतंय, आपले कपडे आपण वाळत घालावेत. आठ महिन्यांनी स्वतःच्या पायांनी अंगणात गेले, दोरीपर्यंत गेले, एवढी खूष! झगा झटकला, उलटा केला, दोरीवर टाकला... आणि बाजूच्या शिवणीवर नजर गेली.

शिवणीच्या आत एक भोकांची ओळ. तिच्या आत आणखी एक. तिच्या आत तिसरी. मुंग्या रांगेने गेल्यासारखी बारीक बारीक भोकं. तुम्हाला नाही कळणार, मला कळतं. टाका उसवला की दोरा जातो, भोक राहतं. कुणीतरी माझा झगा तीनदा उसवून, तीनदा थोडा थोडा सैल करून पुन्हा शिवला होता! मी शिवणीत नेहमी दीड इंच माया ठेवते, म्हणजे जास्तीचं कापड, गिऱ्हाईकाचं अंग वाढलं तर असावं म्हणून. त्या मायेतलं बाहेर काढून काढून! चारही झगे उलटे केले. चारही तसेच!

मी तिथेच ओरडले, "अगं ए, इकडे ये!"

आली. हात पुसत आली. मी झगा तोंडासमोर धरला. म्हटलं, "हे कुणी केलं?"

"मी."

"तू? तुला सुईत दोरा ओवता येत नव्हता! तुझ्या लग्नात तुझ्या बाहीचं बटण मी लावलं होतं!"

"शिकले."

"कुणाकडे?"

"तुमच्याच झग्याकडे. उसवत गेले, बघत गेले."

"आणि कधी? घरात तर मी असते!"

"आगारात, आई. दोन फेऱ्यांच्या मध्ये वीस मिनिटं मिळतात. स्टिअरिंगवर पसरून बसायचे. बाकीचे ड्रायव्हर मला शिंपीणबाईच म्हणतात आता."

म्हणजे बघा! माझा झगा, स्टिअरिंगवर, अख्ख्या आगारासमोर! आणि तिथल्या ऐंशी ड्रायव्हरांना माझ्या काखेचं माप पाठ! म्हटलं, "मला फसवलंस तू. पाच महिने!" तर ही काय म्हणते, "तुम्ही त्या दिवशी जिना न चढता वर जाईन म्हणालात ना, आई. मला दुसरं काही सुचलं नाही."

आता ह्यावर माणूस भांडणार कसं? मी तरी भांडले. पण खरं सांगू? रागापेक्षा मला धडकी भरली. कारण मी काट्यावर चढलेलीच नाही! मग माझं वजन उतरलं, का नुसता हिचा दोरा उतरला? मी वीस मिनिटांच्या शिवणीवर पाच महिने नाचले की काय? ही म्हणते, "आई, मी दोन महिन्यांपूर्वी थांबले. त्यानंतरचं सैल तुमचं तुम्हीच केलंय." पण हिच्यावर विश्वास कसा ठेवू? फसवणारी बाई ही! आज नऊ किलो भरले नाहीत तर गुडघा नाही, गुडघा नाही तर जिना नाही, आणि मास्तरांचा कोट तसाच...

काय? सतरा? आले, आले! अगं, ऊठ, सोंग पुरे, हात दे. तुम्ही जागा धरून ठेवा हं माझी.

...

हुश्श. सरका. बसू द्या आधी.

चढले. डोळे मिटून चढले. नर्सबाईने जुना कागद बघितला, काटा बघितला, म्हणाली, "आठ किलो सहाशे कमी." सहाशे! नऊला चारशे ग्रॅम कमी! माझ्या मनात आलं, झालं, संपलं. तेवढ्यात ही मागून म्हणते, "आई, हातातली पिशवी." पिशवी! माझी कात्री त्यात, अस्सल पोलादी, मी तिच्याशिवाय कुठे जात नाही. पिशवी हिच्या हातात दिली. नर्सबाई म्हणाली, "नऊ किलो दोनशे." तुम्हाला सांगते, मी त्या काट्यावर उभ्या उभ्या रडले. नर्सबाई म्हणते, "आजी, उतरा आता, मागे रांग आहे." म्हटलं, थांब बाई, आठ महिने चढले नाही, दोन मिनिटं राहू दे.

मग डॉक्टरकडे. आणि आज त्याने मान वर केली हां! माझ्या तोंडाकडे बघून म्हणाला, "आजी, कसं जमवलंत?" आता मी काय सांगणार, काकडी? फेऱ्या? मी हिच्याकडे बोट दाखवलं. म्हटलं, "माझ्या शिंपिणीला विचारा." ही लाल झाली. बस चालवणारी बाई, सिग्नलसारखी लाल! पुढच्या महिन्याची तारीख दिलीय. वर म्हणाला, "हे टिकवायचं हं. बाकीचं दुखणं आहेच, गोळ्या आहेतच, वजन पुन्हा वाढू शकतं." माहीत आहे हो मला. भाडेकरू कुठे जातायत, ते माझ्याबरोबरच निघणार.

बाहेर येताना ही विचारते, "आई, आता चारही झगे आत घ्यावे लागतील. जास्तीचं कापड कापून टाकू?" म्हटलं, "खबरदार! सगळं आत राहू दे. लागेल पुन्हा." आणि तो पहिला झगा, जो मी आत्ता घातलाय, ह्याची डावी शिवण बघा, काखेपाशी सापासारखी वाकडी. हिची पहिली शिवण. ती पण तशीच ठेवायला सांगितली. का म्हणून काय विचारता? माझ्या सासऱ्यांनी सात वर्षं काय घातलं होतं?

उपकार आहेत हिचे, दुसरं काय! बोलले. एकदाच बोलणार, ऐकलंस ना गं? पुन्हा मागशील तर मिळायचं नाही.

आणि मग मी तिला म्हटलं, जरा मऊ आवाजातच म्हटलं, "गुडघा झाला की पहिला जिना चढेन, आणि पहिलं काम, मास्तरांची डावी बाही." तर ही बुटांकडे बघायला लागली.

म्हटलं, "काय झालं?"

"आई, ती बाही... मी लावली. मागच्या आठवड्यात. म्हटलं, तुम्हाला त्याचं फार लागतं मनाला. नेऊन पण दिला कोट."

"कोट? तू? कोटाची बाही? कशी लावलीस?"

ही गणवेशाचं बटण फिरवायला लागली.

"अगं, कशी लावलीस?"

"उलटी लागली, आई. मला मागाहून कळलं."

"आणि मास्तर?"

"रोज घालून माझ्याच बसने येतात. काही बोलले नाहीत. काल उतरल्यावर त्यांनी मला हात हलवला..."

"आणि तो मागे गेला."

"हो."

...आता काय करणार? गुडघा होईपर्यंत, पाय टेकेपर्यंत, जिना चढेपर्यंत तीन महिने तरी जातील, तोवर तो भला माणूस सगळ्या शाळेसमोर मागच्या मागे हात हलवत फिरणार. मास्तरांचे उपकार आहेत, दुसरं काय!